वारा आणि आडोसा

फटफटीवर बसणाऱ्याच्या तोंडावर येणारा वारा हा नीतिविचाराचा विषय होऊं शकतो, असें कोणी म्हटल्यास आमच्या वाचकांस हंसूं येईल. थोड्या महिन्यांपूर्वीं आम्हांसही आलें असतें. परंतु तत्त्वज्ञानाच्या इतिहासाकडे पाहिल्यास असें दिसतें कीं, मोठ्या प्रश्नांची उकल बहुधा क्षुद्र वस्तूंच्या निरीक्षणानेंच झालेली आहे. छांदोग्योपनिषदांतील पित्यानें पुत्रास आत्मतत्त्व समजावून देतांना पाण्यांत मिठाचा खडा टाकावयास लाविला, आणि सॉक्रेटीसच्या संभाषणांत चांभार व सुतार यांचे दाखले पदोपदीं येतात. तेव्हां मिठाच्या खड्यास जें साधलें, तें फटफटीच्या काचेस साधणार नाहीं असें मानण्याचें कारण नाहीं. आम्हांस जो प्रश्न पडला तो असा : मनुष्यानें आपणांस व आपल्या माणसांस आयुष्याच्या वाऱ्यापासून किती आडोसा द्यावा, आणि अर्धवट आडोसा हा उघडेपणापेक्षां बरा कीं वाईट?

प्रसंग असा घडला. गेल्या माघांत, दासनवमीची गर्दी ओसरल्यावर, समर्थांचें जन्मस्थान जें जांब, तें पाहून यावें असें आम्हीं योजिलें. हें गांव जालना जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत आहे. छत्रपति संभाजीनगरहून जालना, अंबड, घनसावंगी असा आमचा मार्ग होता. नवा समृद्धि महामार्ग जालन्यापाशींच आहे खरा. परंतु त्यावर दुचाकीस मज्जाव असल्यामुळें जुनीच वाट धरणें प्राप्त होतें. आम्हीं पन्नाशी ओलांडल्यावर लांबच्या प्रवासाची एक जड फटफटी घेतली, याबद्दल आमच्या आप्तवर्गांत पुरेशी चर्चा होऊन गेलेली आहे. ती येथें पुन्हां उकरीत नाहीं. या प्रवासास निघण्यापूर्वीं वाऱ्याचा त्रास चुकावा म्हणून आम्हीं एक रुंद, उंच काच पुढें बसवून घेतली. विकणाऱ्यानें सांगितलें कीं, आतां वारा लागणारच नाहीं. आणि मनुष्य ज्यावर विश्वास ठेवूं इच्छितो, त्यावर तो लौकर विश्वास ठेवतो.

जालना मागें पडतें न पडतें तोंच या विश्वासाची परीक्षा झाली. पूर्वीं छातीवर येणारा वारा थांबला, हें खरें. पण त्याच्या जागीं डोक्यावर असे तडाखे बसूं लागले कीं, कोणी उशीनें दोन्ही बाजूंनीं आळीपाळीनें मारीत आहे असें वाटावें. हेल्मेट थरथरे, नजर स्थिर राहीना, कानांत ढोल वाजावा तसा घुमारा चाले. मागें आमच्या सौभाग्यवती बसल्या होत्या. त्यांची अवस्था याहून वाईट. अंबडच्या अलीकडे चहासाठीं थांबलों, तेव्हां त्या म्हणाल्या, "अहो, काच तुमच्यासाठीं लावलीत, आणि वारा सगळा माझ्याकडे पाठवलात." या वाक्यांत किती शास्त्र व किती नीति भरलेली आहे, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

शास्त्र प्रथम पाहूं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणाऱ्यास समोरून येणारी हवा चौरस मीटरमागें सुमारें १२ किलो वजनाएवढ्या जोरानें ढकलते. वेग १०० झाला कीं हाच जोर दुप्पट न होतां चौपट, म्हणजे सुमारें ४७ किलो होतो. बसलेल्या मनुष्याचा वाऱ्यास सांपडणारा भाग अर्धा चौरस मीटर धरला, तरी वीसबावीस किलोंचा हात सतत छातीवर टेकलेला आहे असें होतें. हें ऐकावयास भयंकर वाटलें तरी सोसण्यास तितकें कठीण नाहीं. जोर एका दिशेनें व एकसारखा असेल, तर शरीर किंचित् पुढें झुकून त्याशीं आपोआप तडजोड करून घेतें. शरीर थकतें तें जोरानें नव्हे, तर जोराच्या अनिश्चिततेनें.

आणि ही अनिश्चितता वाऱ्यांत मुळांत नसते. ती आपण उभ्या केलेल्या अडथळ्यानें उत्पन्न होते. कोणतीही आडवी वस्तु प्रवाहांत उभी केली म्हणजे तिच्या कडेपाशीं हवा फाटते आणि मागें भोंवरे सुटूं लागतात. एक या बाजूस, दुसरा त्या बाजूस. नदींतील खांबामागें हें कोणासही पाहतां येईल. या भोंवऱ्यांच्या रांगेचें गणित थिओडोर फॉन कार्मान यानें १९११ च्या सुमारास मांडलें. चाळीस सेंटिमीटर जाडीचा गोल खांब ताशीं ९० किलोमीटरच्या वाऱ्यांत उभा केला, तर त्याच्यामागें सेकंदाला बाराएक आवर्तनें होतात. फटफटीची काच म्हणजे गोल खांब नव्हे. तरी डोक्यावर बसणाऱ्या तडाख्यांची जात कोणती, याची कल्पना यावरून येईल. शिवाय काचेमागें हवेचा दाब उतरतो, आणि ती पोकळी भरण्यासाठीं काचेच्या वरच्या कडेवरून गेलेला वारा खालीं आंत कोसळतो. नेमकें तेथेंच चालविणाऱ्याचें डोकें असतें, आणि जो वारा त्याच्याही वरून निसटतो, तो मागें बसलेल्याच्या तोंडावर आदळतो.

अंबड सोडल्यावर रस्त्याच्या कडेस एक छोटें गॅरेज लागलें. तेथील मिस्त्री पंचविशीचा, ग्रीसनें माखलेला. त्यानें आमची तक्रार शांतपणें ऐकली, काचेच्या खालच्या बाजूस बोट फिरवून पाहिलें, आणि म्हणाला, "सर, खालून समदं बंद केलंय हो हे. वारं वरूनच आत उडी घेणार की. जरा फट ठेवा बुडाशी." आम्हीं विचारिलें, फट ठेवली तर वारा लागणार नाहीं काय? तो हंसला, आणि समोरच्या मोसंबीच्या बागेकडे हात करून म्हणाला, "लागंल की थोडं. पण बागेला कोनी भिंत घालतं का, सर? शेवरी लावतेत."

जालना जिल्ह्याची मोसंबी प्रसिद्ध आहे, आणि अंबड-घनसावंगीकडे तिच्या बागा पुष्कळ. शेतकरी बागेच्या वाऱ्याच्या अंगास झाडांची रांग लावतो. सलग भिंत बांधीत नाहीं. याचें कारण केवळ खर्च नव्हे. सलग भिंतीमागें थोड्याच अंतरावर वारा उसळून खालीं येतो व झाडें झोडपतो. उलट, ज्या कुंपणांतून निम्मा वारा गाळून जातो, तें कुंपण कितीतरी लांबपर्यंत बाग राखतें. हीच गोष्ट अमेरिकेंतील वास्तुशास्त्रज्ञांनीं फार मोठी किंमत देऊन शिकली. टॅकोमा येथील सामुद्रधुनीवरचा झुलता पूल १ जुलै १९४० रोजीं खुला झाला, आणि त्याच वर्षीं ७ नोव्हेंबरला ताशीं सुमारें ६४ किलोमीटरच्या वाऱ्यांत पीळ बसून कोसळला. वादळ नव्हतें. पुलाच्या दोन्ही कडांस भरीव पोलादी पत्रे होते. त्यांस वारा अडला, आणि पुलाच्या हेलकाव्यास तोच वारा बळ पुरवूं लागला. १९५० मध्यें त्याच जागीं नवा पूल झाला, तो उघड्या जाळीच्या तुळयांचा; त्याच्या रस्त्यांतही वाऱ्यास वर-खालीं जाण्यासाठीं जाळ्या ठेविल्या.

मिस्त्रीनें केलें तें इतकेंच. प्रथम काच सबंध काढून आम्हांस त्याच रस्त्यावर, त्याच वेगानें एक फेरी मारावयास सांगितलें. त्या फेरींत वारा भरपूर लागला, परंतु डोकें स्थिर राहिलें. दुःख वाऱ्याचें किती आणि उपायाचें किती, याची अशी निवड होणें फार महत्त्वाचें आहे. व्यवहारांत आपण तिच्याविनाच उपायावर उपाय चढवीत जातों. मग त्यानें काच पुन्हां लाविली, पण बुडाशीं जाड वॉशर घालून दोन बोटें फट ठेविली, तिचा कल थोडा मागें केला, आणि वरची कड चार बोटें कापून घासून दिली, म्हणजे हेल्मेट मोकळ्या वाऱ्यांत राहावें व काच छातीपुरती उरावी. उंच मनुष्यास ती खुजी करावी लागते, ठेंगण्यास क्वचित् आणखी उंच; सर्वांस एक माप लागू नाहीं. कानांत घालावयास मऊ बोळे दिले, कारण ताशीं १०० च्या वेगास हेल्मेटच्या आंतील वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि तासन्‌तास तो ऐकणें कानांस अपायकारक आहे. पुढील वाटेवर वारा पहिल्यापेक्षां अधिक लागला, आणि त्रास जवळजवळ नाहींसा झाला. मागून सौभाग्यवतींचाही आवाज बराच वेळ आला नाहीं, हें आम्हीं शुभचिन्ह मानिलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. दुःखाविषयीं विचारवंतांचे दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, सोसा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील तितिक्षा ही याच मार्गाची. ग्रीक-रोमन स्टोइकांचा उपदेश याच्या शेजारचा. एपिक्टीटस्‌च्या उपदेशाच्या छोट्या ग्रंथाचा आरंभच, आपल्या हातीं काय आहे व काय नाहीं, या विभागानें झाला आहे. दुसरा पक्ष म्हणतो, दुःख टाळतां येत असेल तर टाळा. विज्ञानाचा सारा डोलारा याच इच्छेवर उभा आहे. आम्हां सुशिक्षित मध्यमवर्गीयांचें मात्र असें झालें आहे कीं, तोंडानें आम्ही पहिल्या पक्षाचे, आणि वर्तनानें दुसऱ्याचे. त्यांतूनही आम्ही दुसरा पक्ष पुरता स्वीकारीत नाहीं. आम्हीं आधीं वाऱ्यांत जातों, आणि मग त्याच्यापुढें एक उंच काच धरतों. आमच्या मतें आमच्या घरांतील पुष्कळशी घालमेल या काचेच्या कडेवरून सुटणाऱ्या भोंवऱ्यांची आहे.

जांबास पोंचल्यावर हा विचार अधिक टोंचूं लागला, कारण तें स्थळच तसें आहे. सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटीं नारायणाचा जन्म येथें १६०८ मध्यें रामनवमीस झाला. परंपरा सांगते कीं, बाराव्या वर्षीं 'सावधान' हा शब्द कानीं पडतांच तो लग्नमंडपांतून निघून गेला. नाशिकजवळ टाकळी येथें बारा वर्षें त्यानें नदींत उभें राहून जप केला, आणि पुढें बारा वर्षें भरतखंड पायीं पालथें घातलें. आडोसा सर्वस्वीं टाकणाऱ्याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणार नाहीं. नवल असें कीं, या पुरुषाचें वाऱ्याशीं नातें वैराचें नव्हे, भक्तीचें आहे. दासबोधाच्या सोळाव्या दशकांतील सहावा समास वायूच्या स्तवनाचा आहे. श्वासोच्छ्वास आणि शरीराचें चलनवलन ज्याच्यामुळें चालतें, त्याचे त्यांत धन्यवाद गाइले आहेत. कृष्णाकांठीं व त्याच्या आसपास त्यांनीं अकरा मारुति स्थापिले, आणि मारुति हा तर वायूचाच पुत्र. ज्याला आपण शत्रु म्हणून अडवितों, त्याच्यावरच आपला प्राण चालतो, ही गोष्ट अडोशाचा विचार करितांना विसरतां येत नाहीं.

परंतु त्याच गांवीं आमच्या मनांत दुसरीही एक मूर्ति उभी राहिली, ती राणूबाईंची. मुलाच्या वियोगानें रडून त्या माउलीची दृष्टि गेली, आणि चोवीस वर्षांनीं तो परत आला तेव्हां ती त्याला डोळ्यांनीं पाहूं शकत नव्हती, असें परंपरा सांगते. त्यानें तिला पुन्हां दृष्टि दिली, असेंही ती सांगते. परंतु चोवीस वर्षें तीं चोवीस वर्षेंच. वडील बंधु गंगाधरपंत घरीं राहिले व त्यांनीं घर संभाळलें. एकानें वारा अंगावर घेतला, तेव्हां त्याचा कांहीं भाग मागें राहिलेल्यांवर आदळला. म्हणजे "उघड्यावर चला" एवढें सांगून नीतीचा प्रश्न सुटत नाहीं. आडोसा घ्या किंवा टाका, वळलेला वारा कोणाच्या तरी तोंडावर जातोच. सौभाग्यवतींच्या वाक्याचा खरा अर्थ आम्हांस येथें कळला.

येथें आमच्या स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगणें भाग आहे. ती सांगितल्यावांचून हा निबंध अप्रामाणिक होईल. आमची एकुलती कन्या दोन वर्षांपूर्वीं गडचिरोलीकडील एका दुर्गम तालुक्यांत शिक्षिका म्हणून गेली. आम्हीं तिला अडविलें नाहीं. मुलीच्या स्वातंत्र्यावर व्याख्यानें देणाऱ्या पित्यास तें शोभलें नसतें. पण रोज रात्रीं नऊ वाजतां फोन करावा, एक वर्ष झालें कीं परत येण्याचा विचार करावा, अशा अटी घातल्या; आणि तिच्या नकळत, तिकडच्या एका परिचितास सांगून तिला सोयीच्या गांवीं नेमणूक देवविली. हें तिला कळावयाचें तें कळलेंच. बरोबरीचे शिक्षक तिला वशिल्याची समजूं लागले. ज्या कष्टांनीं मान मिळतो ते कष्ट तिच्या वांट्यास आले नाहींत, आणि घरचें सुखही नाहीं. दिवाळींत ती आली तेव्हां भांडली नाहीं, एवढेंच म्हणाली, "बाबा, तुम्ही मला जाऊं दिलंत, पण सोडलं नाहींत." त्या रात्रीं सौभाग्यवती म्हणाल्या, "सरळ नको म्हणाला असतात, तर ती भांडून तरी गेली असती." आम्हीं या दोन्ही वाक्यांस कृतघ्नता व भावनाविवशता अशीं नांवें देऊन टाकिलीं होतीं. जांबच्या देवळाच्या ओवरींत बसलों असतांना तीं नांवें टिकेनात.

कोणी म्हणेल कीं, ही केवळ उपमा झाली. काच वेगळी आणि कन्या वेगळी. हा आक्षेप रास्त आहे. उपमेनें सिद्धांत सिद्ध होत नाहीं. परंतु काय तपासावयाचें तें तिनें दाखविलें तर तिचें काम झालें. आम्हांस तीन गोष्टी तपासण्यासारख्या वाटतात. पहिली, आपण देतों तो आडोसा घातापासून आहे कीं श्रमापासून? हेल्मेट आणि काच या दोन वस्तु एका जातीच्या नाहींत. हेल्मेटवांचून बसणें हें धैर्य नव्हे, अविचार आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें तें सक्तीचें केलें आहे तें योग्यच. काचेची मात्र सक्ति नाहीं. आईबापांची चूक ही होते कीं, तीं काचेस हेल्मेट समजतात. दुसरी, ज्याच्यासाठीं आडोसा आहे त्याला तो दिसतो काय, आणि नको असल्यास काढतां येतो काय? न दिसणारा आडोसा हा आडोसा नव्हे, तो ताबा आहे. आणि तिसरी, अडविलेला वारा कोठें जाणार? आम्हीं कन्येस सोयीचें गांव मिळवून दिलें, तेव्हां गैरसोयीचें गांव नाहींसें झालें नाहीं; तें दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीस मिळालें. ही तिसरी तपासणी आम्हीं पूर्वीं कधीं केलीच नव्हती, आणि आज आम्हांस सर्वांत अधिक लाज तिचीच वाटते.

यावरून आडोसा मुळींच नको, असा अर्थ कोणीं काढूं नये. सर्व काचा फोडून टाकणें हेंही एक प्रकारचें प्रदर्शनच आहे. समर्थांनीं स्वतः आडोसा टाकिला, पण इतरांसाठीं मठ उभे केले. आणि ज्या शब्दानें ते मंडपांतून निघाले, त्याचा अर्थ 'जागा राहा' असा आहे, 'उघडा राहा' असा नव्हे. जो आडोसा मनुष्यास जागा ठेवतो, तो चांगला. जो त्याला निजवितो किंवा बधिर करतो, तो वाईट. त्याच्या बुडाशीं दोन बोटें फट असावी, म्हणजे आंतील व बाहेरील दाब एकमेकांस ओळखतील.

जांबाहून परत आल्यावर आम्हीं कन्येस एक पत्र लिहिलें. त्यांत नेमणुकीची गोष्ट, जी तिला ठाऊक होती, ती आम्हीं प्रथमच आपण होऊन कबूल केली, आणि रात्रीं नऊची अट मागें घेतली. पुन्हां कोणास कांहीं सांगणार नाहीं असें वचन दिलें. तिचें उत्तर तीन आठवडे आलें नाहीं. हे तीन आठवडे आम्हांस त्या वीसबावीस किलोंच्या हातासारखे छातीवर जाणवले. परंतु तो जोर सरळ होता, आणि सरळ जोर सोसतां येतो, हें आम्ही शिकून आलों होतों. उत्तरांत तिनें कळविलें कीं, तिनें स्वतः अर्ज करून आंतल्या गांवची शाळा मागून घेतली आहे; खोलीचें छप्पर पावसांत गळेल असें दिसतें, तरी एक ताडपत्री पाठवावी.

आम्हीं बाजारांत जाऊन चांगली जाड ताडपत्री घेतली. दुकानदारानें दोन घेण्याचा आग्रह केला, आणि आमचा हातही खिशाकडे गेला होता. पण तिनें एकच मागितली होती. आम्हीं एकच पाठविली.